हीट एक्स्चेंजर डिझाइन करताना एफिशियन्सी आणि कंट्रोल एकत्रच बघा

एक्स्चेंजर (एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणारं युनिट) कमी पडतोय म्हटलं की बहुतेक जण एरिया (उष्णता जाणारा पृष्ठभाग) वाढवतात, आणि आउटलेट टेंपरेचर वरखाली व्हायला लागलं की पीआयडी (व्हॉल्व्ह आपोआप हलवणारा कंट्रोलर) ट्यून करत बसतात. माझं मत असं की दोन्ही दुखणी बऱ्याचदा एकाच ठिकाणाहून येतात, डिझाइन करताना "असू दे थोडा जास्त" म्हणून टाकलेल्या एरियातून. त्यामुळे एफिशियन्सी आधी आणि कंट्रोल नंतर असं करू नका, दोन्ही एकाच शीटवर घेऊन बसा.

सगळ्यात आधी उष्णतेला अडवणारा रेझिस्टन्स कुठल्या बाजूला जास्त आहे ते काढा. समजा ट्यूबमध्ये पाणी आहे, एच (त्या बाजूने उष्णता किती सहज जाते तो आकडा) ४००० वॅट प्रति चौरस मीटर केल्विन, आणि शेलमध्ये, म्हणजे ट्यूबभोवतीच्या बाहेरच्या कवचात, ऑइल आहे, एच ३००. भिंत आणि फाउलिंग (पृष्ठभागावर बसणारा थर) सोडून दिलं तर यू, म्हणजे दोन्ही बाजू मिळून एकूण आकडा, येतो साधारण २७९. आता पाण्याची बाजू दुप्पट करून ८००० केली तरी यू होतो २८९, म्हणजे पंपावर एवढा खर्च करून हातात काहीच नाही. तेच ऑइलची बाजू ३०० ची ६०० केली की यू थेट ५२० च्या वर जातो. म्हणून कमी एच असलेल्या बाजूवरच काम करायचं: शेलमध्ये बॅफलचं (फ्लो ट्यूबवर आडवा वळवणाऱ्या प्लेटांचं) स्पेसिंग आणि कट, म्हणजे प्लेटचा कापलेला भाग (सिंगल सेगमेंटलला २० ते २५ टक्के कट ही चांगली सुरुवात), गॅस असेल तर फिन, ट्यूबमध्ये लॅमिनार (संथ, न घुसळता वाहणारं) ऑइल असेल तर ट्विस्टेड टेप नाहीतर वायर इन्सर्ट. बॅफल आणि शेलमधली गॅप पण बघा, तिथून जो फ्लो निसटतो तो ट्यूबला नीट लागतच नाही.

मग फ्लोची दिशा. गरम बाजू ९० वरून ६०, थंड बाजू ३० वरून ५०, तर काउंटरफ्लोमध्ये (दोन्ही प्रवाह उलट दिशांना) एलएमटीडी (दोन बाजूंमधला सरासरी टेंपरेचर फरक) जवळजवळ ३४.८ डिग्री येतो आणि पॅरलल फ्लोमध्ये २७.९, म्हणजे त्याच ड्यूटीला (तेवढीच उष्णता हलवायला) पॅरललमध्ये २५ टक्के एरिया जास्त लागतो. मल्टिपास (प्रवाह एक्स्चेंजरमधून अनेक फेऱ्या मारतो असा) घेतलात तर एफ फॅक्टर (शुद्ध काउंटरफ्लोच्या एलएमटीडीपैकी किती हाती लागतो तो आकडा) ०.८ च्या खाली जाऊ देऊ नका, कारण तिथे तो कर्व्ह इतका उभा होतो की टेंपरेचर जरा हललं तरी परफॉर्मन्स पडतो, आणि मग कंट्रोलही बेभरवशाचा होतो.

प्रेशर ड्रॉप (फ्लो ढकलताना खर्च होणारं प्रेशर) वापरायची मुभा असेल तर वापरा, पण हिशोबाने. टर्ब्युलंट फ्लोमध्ये वेग दुप्पट केला की एच साधारण १.७४ पट होतो, पण ट्यूब पास दोनाचे चार केले तर वेगही दुप्पट आणि लांबीही दुप्पट, म्हणून प्रेशर ड्रॉप सात-आठ पट होतो.

आता जादा एरियाचा मुद्दा, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. प्रोसेसवाला मार्जिन टाकतो, डिझाइनवाला फाउलिंग फॅक्टर (पुढे बसणाऱ्या थराच्या रेझिस्टन्सची तरतूद) टाकतो, बनवणारा वर अजून थोडं टाकतो, आणि कोणीच एकमेकांना विचारत नाही. ०.०००२ चा फाउलिंग फॅक्टर घेतला तर क्लीन यू (थर नसतानाचा यू) १००० असलेल्या युनिटला २० टक्के जादा एरिया लागतो, पण तोच आकडा क्लीन यू ३००० असलेल्या प्लेट एक्स्चेंजरला लावला तर थेट ६० टक्के! मग नवीन युनिट चालू केलं की कूलिंग जास्त होतं, ऑपरेटर पाण्याचा व्हॉल्व्ह आवळतो, वेग पडतो, पाणी आत जास्त तापतं, कॅल्शियम कार्बोनेट तापलेल्या पाण्यात कमी विरघळतं त्यामुळे स्केल बसतं, आणि ज्या फाउलिंगसाठी एरिया दिला होता ते त्या एरियामुळेच येतं. मार्जिन एकदाच, एकाच ठिकाणी, लिहून टाका.

वर तो आवळलेला व्हॉल्व्ह १० टक्क्यांवर बसलेला असतो, तिथे जरा हलला की टेंपरेचर उडी मारतं. दुसऱ्या टोकाला, पाणी भरपूर झालं की अजून कितीही वाढवा, आउटलेट हलतच नाही. म्हणून कूलिंग वॉटर पूर्ण वाहू द्या आणि प्रोसेस बाजूला (जे थंड करायचंय त्या बाजूला) एक्स्चेंजर चुकवून जाणारा बायपास देऊन कंट्रोल करा. गरम आणि थंड प्रवाह मिक्स होऊन रिझल्ट लगेच दिसतो, एक्स्चेंजरचं धातू थंड व्हायची वाट बघावी लागत नाही. नॉर्मल लोडला थोडा फ्लो बायपासमधून जात असावा, नाहीतर व्हॉल्व्हला एकाच दिशेने जागा उरते. आणि एक्स्चेंजरचा प्रेशर ड्रॉप फारच कमी असेल तर नुसत्या बायपास व्हॉल्व्हने पुरेसा फ्लो वळत नाही, तिथे थ्री-वे व्हॉल्व्ह किंवा एक उघडला की दुसरा बंद होणारे दोन व्हॉल्व्ह घ्या.

सेन्सर मिक्सिंग पॉइंटच्या पुढे पण जवळ. पाइपात वेग १ मीटर प्रति सेकंद आणि सेन्सर २० मीटरवर, म्हणजे २० सेकंद डेड टाइम (बदल सेन्सरला दिसेपर्यंतचा उशीर) तुम्ही स्वतःच्या हाताने विकत घेतला, वर जाड थर्मोवेलचा (सेन्सरभोवतीच्या धातूच्या कवचाचा) उशीर वेगळा. फ्लो अर्धा झाला की हाच डेड टाइम ४० सेकंद होतो आणि प्रोसेस गेनही (व्हॉल्व्ह जरा हलला की टेंपरेचर किती हलतं ते) वाढतो, म्हणून ट्यूनिंग कमी लोडला तपासा, फक्त फुल लोडला नाही. इनलेट फ्लो सारखा बदलत असेल तर फीडफॉरवर्ड (इनलेटचा बदल बघून आधीच व्हॉल्व्ह हलवणं) लावा, फीडबॅकला एकट्याला ते झेपत नाही.

स्टीमवर चालणारं युनिट असेल तर अजून एक गोष्ट. इनलेट स्टीम व्हॉल्व्हने कंट्रोल करताना कमी लोडला आतलं प्रेशर कंडेन्सेट (स्टीमचं झालेलं पाणी) लाइनच्या बॅक प्रेशरच्या खाली जातं, कंडेन्सेट बाहेर पडत नाही, ट्यूब बुडतात, हॅमर (पाण्याचा दणका) बसतो आणि टेंपरेचर करवतीसारखं वरखाली होतं. जादा एरिया असेल तर हे अजून लवकर होतं, कारण तेवढ्याच ड्यूटीला स्टीम अजून कमी प्रेशरला चालते. तेव्हा मिनिमम लोडला आत किती प्रेशर राहणार ते आधीच काढा, आणि कमी पडत असेल तर पंपिंग ट्रॅप (कंडेन्सेट ढकलून बाहेर काढणारा) द्या किंवा स्टीम पूर्ण ठेवून कंडेन्सेट लेव्हलवर कंट्रोल करा. लेव्हल कंट्रोल मंद असतो, त्यामुळे लोड झपाट्याने बदलत असेल तर इनलेट व्हॉल्व्हच ठेवा आणि टेंपरेचर कंट्रोलरखाली स्टीम प्रेशरचा कॅस्केड लूप (वरच्या कंट्रोलरच्या हुकमाने चालणारा दुसरा कंट्रोलर) लावा.