गुलमोहराला झबलं

झाडाला किंवा कठड्याला लोकरीचं विणकाम चढवायचं, याला ‘यार्न बॉम्बिंग’ म्हणतात; पण पंचायतीला अर्ज करताना हा शब्द घालू नका. मी घातला होता, आणि अर्ज घेणाऱ्याने चष्म्यावरून बघत विचारलं, “बाई, बॉम्ब?” ‘लोकरीची सजावट’ लिहा, आणि ती कधी काढणार ती तारीखही.

२००५ साली अमेरिकेत, ह्यूस्टनला, मॅग्डा सायेग या बाईने आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला विणलेलं आवरण घातलं, तिथून हे वेड पसरलं. नवख्यांनी तेवढ्यावरच भागवावं. बसथांब्याच्या कठड्याची एक नळी पुरे. आम्ही गोव्यातल्या डिचोलीकडच्या सहा बायकांनी एकदम झाडालाच हात घातला.

फणस घेऊ नका, त्याला फळं खोडालाच धरतात. माड तर नकोच; नारळ काढणारा पाडेली चढताना लोकरीवरून घसरला तर? तांबड्या मुंग्यांची ये-जा असलेलं खोडही सोडा. विजेच्या खांबांना हात लावायचा नाही. आम्ही थांब्याजवळचा गुलमोहर धरला.

घेर खाली, मध्ये आणि वर असा तीनदा मोजा. आमचा मधला १२० सेंटीमीटर भरला. मी बरोब्बर १२०चं कापड केलं, आणि दोन दिवसांत ते सैल मोज्यासारखं बुंध्याशी गोळा झालं. लोकर ताणते. दहा टक्के कमी धरा: १२ सेंटीमीटरचे नऊ चौकोन, म्हणजे १०८. उंचीला आठ ओळी. एकूण ७२ चौकोन.

क्रोशाचा चौकोन सोपा. चार साखळ्यांचं कडं, त्यात तीन-तीन खांबांचे (म्हणजे उभ्या टाक्यांचे) चार गट, दर कोपऱ्यात दोन साखळ्या. पुढच्या फेऱ्या याच हिशेबाने वाढवायच्या. पाच फेऱ्यांत माझा १२चा होतो, शेजारच्या वहिनींचा १४चा. तेव्हा १२चा पुठ्ठा कापून घरोघरी द्या. सैल हाताच्या बाईला ‘घट्ट विण’ म्हणू नये, दोन दिवस बोलत नाही. तिला गुपचूप एक नंबर बारीक सुई द्यावी. क्रोशे न येणाऱ्या आजींकडून गोंडे करून घ्या. आमच्याकडे लोक थांबून बघायचे ते गोंडेच.

लोकर ऍक्रिलिकची घ्या. सुती दोरा पाणी धरून बसतो आणि बुरशी येते. ऍक्रिलिक कुजत नाही, पण त्यामुळेच त्याचे सुटलेले तंतू मातीत तसेच राहतात. म्हणून वेळापत्रक पाळा: गणपतीची चवथ आटोपली की विणायला बसा, दिवाळीनंतर चढवा, मे संपायच्या आत उतरवा. एका वर्षी आमचं जूनमध्ये राहिलं. ओल्या गोधडीसारखं जड झालं होतं, आणि आत गोगलगायी.

चढवताना दोघी लागतात. एकीने कापड खोडाला कवटाळून धरायचं, दुसरीने वरपासून चार ठिकाणी लोकरीच्या तुकड्यांनी तात्पुरतं बांधायचं. मग बोथट टोकाच्या मोठ्या सुईने मागच्या बाजूला एकच उभी शिवण. खिळा, स्टेपल, डिंक काही नको.

शिवणीचा धागा मात्र कापडात कुठेच नसलेल्या रंगाचा घ्या, म्हणजे मे महिन्यात तेवढाच कापता येतो. आम्ही हिरव्यावर हिरवाच घातला. सोडवताना चार चौकोन कापले गेले, त्यातले तीन वहिनींचे निघाले.