शाळेचं वर्षाखेरीचं बातमीपत्र कसं काढायचं, एकही मूल न सुटता

बातमीपत्र वाटलं की मुलं काय करतात ते एकदा जवळ उभं राहून बघा. सात ते अकरा वर्षांची मुलं पहिलं पान वाचत नाहीत, मुख्याध्यापकांचं मनोगत तर नाहीच नाही, बोट ठेवून सरळ आपलं नाव शोधायला लागतात. सापडलं की शेजारच्याला दाखवतात, मग मित्राचं शोधतात, आणि मग घरी नेऊन आजीला दाखवतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही काढलेल्या अंकात एका मुलीचं नाव कुठेच आलं नव्हतं. स्पोर्ट्‌स डेला ती आजारी होती, गाण्याच्या ग्रुपमध्ये नव्हती, घरून फोटोची परवानगी नव्हती, म्हणजे तीन वेगवेगळ्या कारणांनी ती तीन ठिकाणांहून सुटली आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिने आठही पानं दोनदा उलटली, नीट घडी घालून दप्तरात ठेवली आणि काही बोलली नाही. मी तिथेच उभी होते. त्यानंतर मी या कामाची पद्धतच बदलली, तीच इथे सांगतेय.

आधी हजेरीची यादी, मग बाकी सगळं

मजकूर, फोटो, डिझाइन यातलं काहीही सुरू करायच्या आधी ऑफिसमधून सगळ्या वर्गांच्या हजेरीच्या याद्या घ्या आणि एका शीटमध्ये टाका. प्रत्येक नावापुढे तीन रकाने करा: फोटोत आहे का, लिहिलेलं किंवा काढलेलं काही छापलंय का, कुठल्या बातमीत नाव आलंय का. तीनपैकी एका तरी रकान्यात खूण पडली पाहिजे, एवढाच नियम. शेवटच्या आठवड्यापर्यंत ज्यांच्यापुढे तिन्ही रकाने कोरे राहतात ती तुमची खरी कामाची यादी.

यादी आजची हवी, वर्षाच्या सुरुवातीची नको. मध्येच आलेली मुलं जुन्या यादीत नसतात, आणि नेमकी त्यांनाच आपण या शाळेचे आहोत असं वाटायची जास्त गरज असते. मध्येच सोडून गेलेल्यांचं नाव चुकून राहिलं तर तेही कसंतरीच वाटतं, तेही बघून घ्या.

नाव कसं लिहायचं ते मुलाच्या वहीवर बघा, किंवा पालकांना विचारा. श्रुतीचं श्रृती, सिद्धीचं सिध्दी, ऋचाचं रुचा, हे आपल्याला छोटं वाटतं पण त्या मुलीला रोज आपलं नाव लिहायचं असतं, तिला ते लगेच दिसतं. आणि याच शीटच्या खाली शिपाईकाका, सफाईच्या मावशी, लायब्ररीतल्या मॅडम, गाडीचे ड्रायव्हर, गेटवरचे काका यांचीही नावं लिहा. वर्षभर मुलं त्यांना भेटतात आणि बातमीपत्रात मात्र ते ‘शिक्षकेतर कर्मचारी’ एवढ्या एका शब्दात संपतात.

तारखा उलट्या मोजा

शाळेचा शेवटचा दिवस धरा आणि तिथून मागे या. अंक शेवटच्या दिवशी वाटू नका, त्या दिवशी बरीच मुलं गावाला निघून गेलेली असतात. तीन दिवस आधी वाटायचा ठरवा. त्याच्या आधी छपाईला चार-पाच दिवस, त्याआधी तपासणीला दोन-तीन, पानं लावायला एक आठवडा, मजकूर गोळा करायला दोन आठवडे, कारण पहिला आठवडा आठवण करून देण्यातच जातो. असं करता करता साडेचार-पाच आठवडे होतात, तेव्हा ‘अजून वेळ आहे’ असं वाटतंय तोच सुरुवात करायची वेळ.

कार्यक्रमांच्या तारखा बातमीपत्राची वाट बघत ठेवू नका. नोकरी करणाऱ्या पालकांना रजा टाकायला किमान तीन आठवडे लागतात, म्हणून तारखांचं वेगळं पत्रक आधी जाऊ दे आणि अंकात त्याच तारखा पुन्हा येऊ देत. एका मेसेजमध्ये एकच कार्यक्रम. वार आणि तारीख दोन्ही लिहा आणि कॅलेंडर समोर ठेवून जुळवून बघा, कारण वार एक आणि तारीख दुसऱ्याच दिवसाची असं झालं की ग्रुपवर संध्याकाळभर तोच गोंधळ चालतो.

सूचना साधारण अशी असावी: ‘चौथीचं चित्रप्रदर्शन, शुक्रवारी, सकाळी १० ते ११.३०, मोठा हॉल. मुलं नेहमीच्या वेळेला शाळेत येतील. नेहमीचाच गणवेश. लहान भावंडं चालतील. प्रदर्शन संपल्यावर मूल घरी न्यायचं असेल तर वर्गशिक्षकांना सांगूनच न्या. पाऊस आला तरी कार्यक्रम होईल.’ यात कुठेही ‘सहर्ष निमंत्रण’ नाही आणि तरी कुणाला काही विचारावं लागत नाही. सुटायची वेळ आणि मूल घरी कसं जाणार या दोन गोष्टी हमखास राहतात, त्या आधी लिहा.

एकाच घरातली दोन मुलं दोन वर्गात असतील आणि दोन्ही कार्यक्रम एकाच वेळी असतील तर आईने कुठे बसायचं? तारखा ठरवतानाच हे बघा, नंतर काही करता येत नाही.

फोटोची परवानगी

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ साली झाला, त्यात मुलांच्या खासगीपणाचा हक्क आहे (कलम १६) आणि त्यांच्याशी संबंधित गोष्टीत त्यांचं म्हणणं ऐकून घेण्याचाही (कलम १२). शाळेचं बातमीपत्र ही काय एवढी मोठी गोष्ट असं वाटू शकतं, पण नियम इथेच पाळायची सवय लागते.

पालकांच्या फॉर्मवर एकच ‘परवानगी आहे / नाही’ ठेवू नका. तीन वेगळे प्रश्न विचारा: छापील अंकात चालेल का, शाळेच्या वेबसाइटवर चालेल का, सोशल मीडियावर चालेल का. बऱ्याच पालकांना पहिलं चालतं आणि तिसरं अजिबात चालत नाही. फॉर्म परत आला नाही तर उत्तर ‘नाही’ असंच धरायचं. आणि पालकांनी हो म्हटलं तरी मुलाला तो विशिष्ट फोटो दाखवा, तोंड वाकडं आलंय म्हणून त्याला नको असेल तर नको.

परवानगी नसलेल्या मुलांना कार्यक्रमात वेगळं काढून बाजूला उभं करणं हे सगळ्यात वाईट. यादी फोटो काढणाऱ्याकडे द्या, मुलाच्या अंगावर कसलीही खूण नको. पाठमोरा फोटो, चित्र काढणारे हात, मातीने भरलेले बूट, भिंतीवर लावलेलं त्याचं काम, असे कितीतरी फोटो निघतात आणि खरं सांगायचं तर ते रांगेत उभं राहून काढलेल्या फोटोंपेक्षा चांगलेच असतात.

ऑनलाइन टाकायची प्रत वेगळी करा. त्यात फोटोखाली पूर्ण नाव नको, फोटोच्या फाइलला मुलाचं नाव नको, आणि मोबाइलच्या फोटोत जागेची माहिती साठवलेली असू शकते ती काढून टाका.

मजकूर: प्रश्न नेमका विचारा

शिक्षकांना ‘वर्षभराचा आढावा पाठवा’ म्हटलं की ‘क्रीडा महोत्सव मोठ्या उत्साहात संपन्न झाला’ हेच येणार, त्यांची चूक नाही, तुमचा प्रश्नच तसा आहे. त्याऐवजी विचारा की त्या दिवशी मुलं घरी जाऊन काय सांगत होती. मग उत्तर येतं, ‘तीन पायांच्या शर्यतीत शेवटून पहिली आलेली जोडी मध्येच पडली, उठली, दोरी सुटली होती ती परत बांधून घेतली आणि पळत गेली, तोवर सगळे टाळ्या वाजवत थांबले होते.’ ही बातमी. वरचं वाक्य खोडा आणि हे छापा.

मुलांकडून मजकूर घ्यायची माझी एकच युक्ती आहे आणि तिच्यामुळेच यादीतले कोरे रकाने भरतात. प्रत्येक वर्गात दहा मिनिटं घ्या, प्रत्येकाला पोस्टकार्डएवढा कागद द्या आणि एकच प्रश्न फळ्यावर लिहा: ‘या वर्षी तुला पहिल्यांदा काय जमलं?’ एक वाक्य पुरे. कुणी लिहितं, मला बुटाची नाडी बांधता येते. कुणी लिहितं, मला नवाचा पाढा येतो पण मध्येच जातो. एकाने लिहिलं होतं, मी डबा पूर्ण संपवला दोनदा. एकीने लिहिलं, मी सरांना नाही म्हणाले. हे सगळं नावासकट, जसंच्या तसं छापा. शुद्धलेखन नीट करा पण वाक्य सुधारू नका, ‘मी माझा डबा संपूर्ण खाण्यात यशस्वी झालो’ असं केलंत तर ते मूल त्यातून गेलं. ज्यांना लिहायला त्रास होतो त्यांचं तोंडी ऐकून तुम्ही लिहून घ्या, किंवा त्यांना चित्र काढू दे. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांचे कागद बाजूला ठेवा आणि ती मुलं आली की भरून घ्या, हे विसरू नका, ती मुलगी अशाच एका दिवशी सुटली होती.

बक्षिसांची यादी द्या पण एका चौकटीत, शेवटून दुसऱ्या पानावर. तीच तीच पाच-सहा नावं वर्षभर सगळीकडे असतात, या एका अंकात तरी त्यांना इतरांएवढीच जागा मिळू दे.

निरोपाच्या बातम्यांना घाई नको. बदली होणारे, निवृत्त होणारे शिक्षक, शाळा सोडून जाणारं मूल, ज्याची बातमी त्याला विचारूनच छापायची, आणि आपले शिक्षक जाणार हे मुलांना आधी वर्गात समोरासमोर कळलं पाहिजे, अंकातून नाही. वर्षात कुणाच्या घरी दुःखद काही झालं असेल तर उल्लेख करायचा की नाही हे फक्त त्या घरचे ठरवतील.

पानं लावताना

ए-थ्री कागद मध्ये दुमडला की ए-फोरची चार पानं होतात, म्हणून पानसंख्या चारच्या पटीत ठेवा: चार, आठ, बारा. सहा पानांचा मजकूर आठ पानांत ताणण्यापेक्षा मुलांची चित्रं मोठी छापा.

पहिल्या पानावर शेवटच्या आठवड्याचे कार्यक्रम आणि पुढचं वर्ष कधी सुरू होणार ती तारीख. पालक तेवढंच पान फ्रिजवर लावतात. मनोगत आत जाऊ दे. शेवटच्या पानावर हरवलं-सापडलंची यादी: निळी बाटली, एकच मोजा, नाव नसलेला स्वेटर, आणि ते कधीपर्यंत नेता येईल.

अक्षर १३-१४ पॉइंटच्या खाली नको, देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रांनाही जागा लागते आणि वाचणारी मुलंच आहेत. सगळ्यांकडून मजकूर युनिकोडमध्येच मागवा, जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की भलतीच अक्षरं दिसतात. फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की दाबून लहान होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. छपाईला साधारण ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) लागतं, म्हणजे १० सेंटीमीटर रुंद फोटोला जवळपास १२०० पिक्सेल हवेत.

तपासणी

स्क्रीनवर तपासू नका, कागदावर एक प्रत काढा. जोडाक्षरं तुटलीत का ते पीडीएफमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे बघा. मग दोघांनी बसायचं, एकाने हजेरी मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने अंकात ते नाव शोधून बोट ठेवायचं, अगदी मुलं शोधतात तसं. शंभर-दीडशे मुलांना दोन तास लागतात. आम्ही हे करायला लागल्यापासून दर वर्षी तीन-चार नावं या दोन तासांत सापडली आहेत, छापल्यावर नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी

प्रदर्शनात प्रत्येक मूल आपल्या कामाजवळ उभं असतं आणि आपलं कोण येतंय ते दाराकडे बघत असतं. ज्यांच्या घरून कुणी येऊ शकणार नाही ती नावं आदल्या दिवशी वर्गशिक्षकांकडून घ्या आणि प्रत्येकासाठी एक मोठं माणूस ठरवून ठेवा, लायब्ररीतल्या मॅडम, गेटवरचे काका, दुसऱ्या मुलाची आई, कुणीही. त्याने जायचं, नीट बघायचं आणि कमीत कमी दोन प्रश्न विचारायचे. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांसाठी एक शांत खोली उघडी ठेवा आणि ती कुठे आहे हे त्यांना आधीच दाखवून ठेवा.

वाटप

छापताना मुलांच्या संख्येपेक्षा दहा टक्के जास्त प्रती काढा. आईवडील वेगळ्या घरी राहत असतील तर दोन प्रती, मुलाला मागायला लावू नका. वाचता न येणाऱ्या पालकांसाठी तारखांची एक व्हॉइस नोट करून ग्रुपवर टाका. गैरहजर मुलांच्या प्रतींवर नाव लिहून ऑफिसात ठेवा.

आणि एवढं करूनही कुणी सुटलंच तर ‘पुढच्या अंकात घेऊ’ म्हणू नका, वर्षाखेरीला पुढचा अंक नसतो. ते एक पान दुरुस्त करून त्या वर्गापुरतं परत छापा आणि त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वतः नेऊन द्या. त्या मुलीसाठी आम्ही तसं केलं होतं, सुट्टी लागायला एक दिवस राहिला होता. तिने पान घेतलं, तिथेच बोट फिरवत नाव शोधलं, आणि मग विचारलं की घरी न्यायला अजून एक मिळेल का.