काचेच्या पडवीचा नकाशा: परवानगीसाठी संगणकावर आरेखन

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडे घरामागे काचेची पडवी काढायची असेल, तर ऑटोकॅड (संगणकावर नकाशा काढण्याचे सॉफ्टवेअर) उघडण्यापूर्वी टेप घेऊन जागेवर जावे. आयत दिसणारा प्लॉट काटकोनात असेलच असे नाही, म्हणून चारही बाजूंबरोबर दोन्ही कर्णही मोजावेत.

खरा घोटाळा एककांचा होतो. आपल्याकडे जमीन गुंठ्यात, बोलणे फुटांत आणि नकाशा मिलिमीटरमध्ये; 1 गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट आणि 1 फूट म्हणजे 304.8 मिलिमीटर. फूट 300 चा धरून मी एकदा 40 फुटांची भिंत काढली, ती 192 मिलिमीटरने आखूड भरली आणि नकाशा परत आला.

जुने बांधकाम, नवे बांधकाम, हद्द आणि मापे वेगवेगळ्या लेअरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरांवर, ठेवावीत. घर खऱ्या मापातच काढावे. 1:100 हे प्रमाण लेआउटमधील (छपाईच्या पानावरील) व्ह्यूपोर्टला, म्हणजे ज्या चौकटीतून चित्र दिसते तिला, देऊन तो लॉक करावा, नाहीतर माउसचे चाक जरा फिरले तरी प्रमाण बिघडते. छापल्यावर पट्टी लावून पाहावी: 3 मीटरची पडवी कागदावर 3 सेंटिमीटर भरली पाहिजे.

छेदचित्रात (बांधकाम उभे कापल्यासारखे दाखवणाऱ्या चित्रात) काचेच्या छताचा उतार आणि पन्हळ दाखवावी. खानापूरकडचा पाऊस पाहता पागोळ्या शेजाऱ्याच्या हद्दीत पडणार नाहीत, हे चित्रातच दिसावे. कन्नड मजकुरासाठी युनिकोड फॉन्ट वापरावा, अन्यथा अक्षरांऐवजी रिकामे चौकोन उमटतात.