पाळीसाठी आहार बदलताय? या चुका टाळा

पाळीची तक्रार कुठलीही असो, उपाय मात्र तीळ-गुळाचा काढा, हे समीकरण आधी डोक्यातून काढा. तीळ, ओवा, सुंठ, मेथी, बाजरी, पपई हे सगळं उष्ण. पाळी उशिरा येते, अंगावरून कमी जातं, कंबर-ओटीपोट दुखतं आणि शेकल्यावर बरं वाटतं, अशा बाईला ते मानवतं. तिचा अपान वायू, म्हणजे ओटीपोटात राहून पाळी खाली आणणारा वात, बिघडलेला असतो. पण अंगावरून जास्त जात असेल, अंगाची आग होत असेल, तर तिथे पित्त वाढलेलं असतं. त्यावर हाच काढा म्हणजे आगीत तेल.

माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. त्यांची पाळी आधीच आठ-नऊ दिवस चालायची. मोबाइलवर ‘पाळी साफ करणारा काढा’ पाहिला आणि रोज सकाळी अनशापोटी सुरू केला. पुढच्या पाळीत गाठी पडू लागल्या. कुणीही थांबलं असतं, पण व्हिडिओत सांगितलं होतं की घाण बाहेर पडतेय, म्हणून बाईंनी प्रमाण दुप्पट केलं! जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा तपासणी झाली. हिमोग्लोबिन सातच्या आसपास. गरोदर नसलेल्या बाईचं 12च्या खाली गेलं की आपण रक्त कमी आहे म्हणतो. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली. गाठ काढ्यानं झाली नव्हती, पण ती सापडायला उशीर झाला तो काढ्याच्या नादानं. आणि ती ‘घाण’ म्हणजे रक्त आणि गर्भाशयाचं आतलं अस्तर. त्यात साफ करण्यासारखं काही नसतं.

म्हणून मी काहीही सुचवण्याआधी मागच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा विचारते. बहुतेकींना आठवत नाहीत. त्या आता कॅलेंडरवर लिहायला लागा. 21 ते 35 दिवसांनी येणारी आणि आठवड्याच्या आत थांबणारी पाळी साधारणपणे ठीक. तासाला एक पॅड भिजतोय आणि हे सलग दोन तास चाललंय, तर स्वयंपाकघरात डबे शोधू नका, दवाखाना गाठा. तपासणी झाली, काळजीचं काही नाही, तरीही अंगावरून जास्त जातं, अशांना मी तांदळाचं धुवण, भिजवलेल्या मनुका, साळीच्या लाह्या, मुगाचं वरण, दूध-तूप आणि डाळिंब सांगते. ऐकायला फार साधं वाटतं, म्हणून कुणी करत नाही.

दुसरी चूक रक्त वाढवण्याच्या नावाखाली होते. गुळाचा खडा तोंडात टाकला की लोह मिळालं, असं समजू नका. गुळात मुख्यतः साखरच असते. अळिवात लोह खरोखर भरपूर असतं, पण लाडू खाऊन वर लगेच चहा घेतला तर चहातलं टॅनिन ते लोह अडवतं. चहा तासाभरानं घ्या. पालेभाजीवर लिंबू पिळा किंवा जेवणात आवळा ठेवा, लोह नीट शोषलं जातं. अळीवही उष्णच. बाळंतिणीला देतात ते गर्भारशीला देत नाहीत, हे आपल्या आज्यांना माहीत होतं.

तिसरी चूक घाईची. ही तक्रार ऐकून मात्र मी थकले आहे: “दहा दिवस शतावरी कल्प घेतला, काही फरक नाही.” कसा पडेल? सुश्रुतानं रसापासून, म्हणजे पचलेल्या अन्नाच्या सारापासून, आर्तव (पाळीचं रक्त) तयार व्हायलाच महिना सांगितलाय, आणि तोही पचन चांगलं असेल तर. मी स्वतः तीन पाळ्या होईपर्यंत औषध बदलत नाही. शिवाय पहिले पंधरा दिवस नुसती जेवणाची वेळ सुधारायला लावते, रात्रीचं जेवण आठच्या आत. यावर बायका नाराज होतात, त्यांना डबी हवी असते. त्या कल्पात साखर किती आहे तेही वाचा. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा बिघाड) आहे, वजन वाढलंय, रक्तात साखर वाढलीय, आणि रोज दोनदा चमचा-चमचा साखरेचे दाणे दुधातून चाललेत!

बाकीच्या चुका थोडक्यात. उकळत्या पाण्यात मध घालू नका, चरकानं तापवलेला मध वर्ज्य सांगितलाय. पाळीत उपवास धरून दिवसभर साबुदाणा आणि चहा, हा उपवास नव्हे, वाताला आमंत्रण. पाळी लांबली म्हणून पपई खायच्या आधी गर्भधारणेची चाचणी करा. लेबल नसलेली, ‘भस्मयुक्त’ म्हणून विकली जाणारी पुडी घेऊ नका, अशा पुड्यांमध्ये शिसं सापडलेलं आहे. मूल हवंय म्हणून फलघृत (गर्भधारणेसाठी दिलं जाणारं औषधी तूप) सुरू केलं आणि फॉलिक ॲसिडची गोळी ‘केमिकल’ म्हणून सोडली, असंही करू नका. ती रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून लागते, आणि तुपासोबत घ्यायला काहीच हरकत नाही.