सॉफ्टबॉल कोच व्हायचंय? ट्रॉफ्या राहू द्या, मोठ्या कोचची पहिली दहा वर्षं बघा

दर दोन-तीन महिन्यांनी जळगावकडून एखाद्या मुलीचा मेसेज येतो. "ताई, मी आंतरविद्यापीठ खेळलेय. अमेरिकेत कॉलेज सॉफ्टबॉलची कोच व्हायचंय. काय करू?" सोबत बहुतेक वेळा ओक्लाहोमा विद्यापीठाच्या कोच पॅटी गासो यांचा ट्रॉफी उचललेला फोटो. मी आजवर तुकड्यातुकड्यांत उत्तरं दिली. आता एकदाच सगळं लिहून टाकते.

मी अमेरिकेच्या मिडवेस्टातल्या एका डिव्हिजन टू (कॉलेज खेळांचा दुसरा स्तर) विद्यापीठात मास्टर्सला आले, तेव्हा माझ्याही डोक्यात तोच फोटो होता. टीमच्या हेड कोचना भेटायला जाताना विंडमिल पिचिंगवर (हात पूर्ण गोल फिरवून खालून बॉल टाकणं) बावीस स्लाइड बनवून नेल्या होत्या. त्यांनी दोन बघितल्या आणि विचारलं, "ट्रॅक्टर चालवता येतो का?" आमची रावेरला केळीची शेती. मी म्हटलं, येतो. खरं तर घरच्या ट्रॅक्टरवर मी फक्त फोटोपुरती बसले होते. दुसऱ्या दिवशी इनफिल्डची (मैदानाच्या आतल्या भागाची) माती सारखी करताना मागच्या जाळीत पिचरची, म्हणजे बॉल टाकणारीची, रबरी पट्टी अडकली आणि उखडून निघाली. मग टेप घेऊन होम प्लेटपासून, म्हणजे बॅटरच्या जागेपासून, ४३ फूट मोजले, खड्डा खणला, पट्टी परत बसवली, पाणी मारून धुमसलं. हे अंतर मी पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं, पण ते डोक्यात बसलं त्या दुपारी. पुढचं अख्खं वर्ष माझ्या वाट्याला दाताळं, ताडपत्री, फक्कीची गाडी आणि बॉलच्या बादल्या. स्लाइड अजून लॅपटॉपवर पडून आहेत.

तेव्हा अपमान वाटला होता. नंतर मोठ्या कोचची सुरुवात नीट वाचली, तेव्हा कळलं की मी रांगेतच उभी होते.

गासो यांचंच घ्या. ओक्लाहोमाला येण्याआधी त्या कॅलिफोर्नियात लाँग बीच सिटी कॉलेजला होत्या. हे दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज, टीव्हीचे कॅमेरे फिरकत नाहीत असं. १९९५ च्या हंगामापासून त्या ओक्लाहोमाच्या हेड कोच झाल्या, तेव्हा टीमला स्वतःचं मैदानही नव्हतं. नॉर्मन गावातल्या रीव्ह्स पार्क या सार्वजनिक बागेतल्या मैदानावर सामने व्हायचे. कॅम्पसवरचं मैदान १९९८ ला आलं. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद २०००, दुसरं थेट २०१३. मधली ही बारा-तेरा वर्षं फोटोत दिसत नाहीत. २०१२ ला तर अंतिम फेरीत अलाबामाने हरवलं होतं. मग २०१६, २०१७ आणि २०२१ ते २०२४ सलग चार. या सर्वात वरच्या स्तरावर, डिव्हिजन वनमध्ये, सलग चार विजेतेपदं याआधी कोणीच मिळवली नव्हती. २०२३-२४ मध्ये सलग ७१ सामने जिंकले, तोही विक्रमच. आज त्यांचा पगार वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर आहे. आमच्या आत्याला मी हा आकडा सांगितला, तेव्हापासून "म्हणजे बेसबॉलसारखंच ना ते?" हा प्रश्न बंद झाला.

अ‍ॅरिझोनाचे माइक कँड्रिया मुळात बेसबॉलचे. सेंट्रल अ‍ॅरिझोना या कम्युनिटी कॉलेजात ते सॉफ्टबॉलकडे वळले, १९८४ आणि १९८५ ला ज्युनिअर कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि १९८६ च्या हंगामात अ‍ॅरिझोना विद्यापीठात आले. तिथे आठ विजेतेपदं, १,६७४ विजय, २०२१ ला निवृत्ती. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकला अमेरिकेच्या टीमचे कोच तेच होते. त्या स्पर्धेत अमेरिकेने एकूण ५१ धावा केल्या आणि एकच धाव दिली. पण त्या उन्हाळ्यात, ऑलिम्पिक काही आठवड्यांवर असताना, त्यांची पत्नी अचानक वारली. ते तरीही गेले. ५१-१ हा आकडा सगळे सांगतात, मला मात्र तो सांगताना दर वेळी ही दुसरी गोष्ट आठवते.

सगळ्यात जास्त मी वाचलं ते मिशिगनच्या कॅरल हचिन्स यांच्याबद्दल. सगळे त्यांना 'हच' म्हणतात. मिशिगन स्टेटला असताना त्या बास्केटबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही खेळायच्या. मुलांच्या आणि मुलींच्या टीमला प्रवास, भत्ता, सोयी सगळ्यांत जो फरक मिळायचा, त्यावरून १९७९ ला खेळाडूंनी स्वतःच्याच विद्यापीठाला कोर्टात खेचलं. त्या खटल्याला नाव आहे ते हचिन्स यांचं. त्याला आधार होता १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्याचा : सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही. हा कायदा समजून घेतल्याशिवाय अमेरिकन कॉलेज सॉफ्टबॉल समजत नाही. मुलींच्या टीम, त्यांच्या शिष्यवृत्त्या, तुमची संभाव्य नोकरी, सगळं त्याच झाडाचं फळ. एनसीएएची (अमेरिकन कॉलेज खेळांची मुख्य संघटना) पहिली महिला सॉफ्टबॉल स्पर्धा झाली ती १९८२ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर दहा वर्षांनी.

हच १९८५ ला मिशिगनच्या हेड कोच झाल्या आणि विजेतेपद आलं २००५ ला. वीस वर्षं! तोवर मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या एकाही विद्यापीठाने ते जिंकलं नव्हतं. कारण सरळ आहे. कॅलिफोर्निया-अ‍ॅरिझोनात बारा महिने बाहेर खेळता येतं. मिशिगनमध्ये फेब्रुवारीत हंगाम सुरू होतो तेव्हा मैदानावर बर्फ असतो, आणि टीम पहिले कित्येक आठवडे दक्षिणेत फिरत खेळते. मी हे अनुभवलंय. मार्चमध्ये फक्की मारताना माझी बोटं वाकेनाशी व्हायची. २०२२ ला निवृत्त झाल्या तेव्हा हच यांच्या नावावर १,७०७ विजय होते, एनसीएए सॉफ्टबॉलमध्ये सर्वाधिक. आणि त्यांच्या जागी आल्या बॉनी थॉल, मिशिगनच्याच माजी खेळाडू, ज्या तिथेच जवळपास तीन दशकं असिस्टंट होत्या. आपल्याकडे तीस वर्षं दुय्यम जागेवर राहणाऱ्याला लोक बिचारा म्हणतील. इथे तसं कोणी म्हणत नाही.

लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात तर हे घराण्यासारखं चालतं. १९७५ ला शॅरन बॅकस, त्यांची खेळाडू सू एन्क्विस्ट, मग एन्क्विस्ट यांची खेळाडू केली इनोउये-पेरेझ. पन्नास वर्षांत हेड कोच तीनच. गायकीचं घराणं म्हणा ना.

म्हणजे बाहेरच्याला दार बंद का? तसंही नाही. २०२५ ला टेक्सासला पहिलं विजेतेपद मिळवून देणारे माइक व्हाइट मूळचे न्यूझीलंडचे. पण ते जगातल्या नावाजलेल्या फास्टपिच (वेगवान बॉलचा सॉफ्टबॉल) पिचरपैकी एक होते, आणि अमेरिकेत आधी खेळले. तुमच्या-माझ्याकडे ते नाही. मग आपण काय न्यायचं?

माझं उत्तर: डोळे आणि वही. दुसऱ्या वर्षी मला पिच चार्ट करायला बसवलं. प्रत्येक बॉल कुठला (राइज, ड्रॉप, कर्व्ह, चेंजअप), कुठे पडला, बॅटरने काय केलं. पिच बॅटरपर्यंत यायला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो. पहिल्या सामन्यात तिसऱ्या इनिंगलाच माझा गोंधळ उडाला. हंगाम संपेपर्यंत मात्र आमची पिचर दमली की तिचा ड्रॉप (शेवटी खाली पडायला हवा तो बॉल) वर राहतो, हे मला तिच्याआधी कळायला लागलं. त्या नोंदीवर कोचनी एकदा पिचर बदलली, तेव्हा डगआउटमध्ये (टीमच्या बसायच्या जागेत) मला पहिल्यांदा नावाने हाक मारली गेली, तीही बरोबर उच्चाराने.

कोचचं निम्मं काम मैदानाबाहेर असतं, हेही माहीत असू द्या. डिव्हिजन वनच्या कोचला शाळकरी खेळाडूशी भरतीबद्दल बोलता येतं ते तिच्या अकरावीच्या १ सप्टेंबरपासून. त्या मध्यरात्री बाराच्या ठोक्याला अमेरिकाभरचे कोच फोन घेऊन बसतात. शिवाय आता खेळाडू सहज कॉलेज बदलतात, त्यामुळे आपल्याच टीमला दर उन्हाळ्यात परत पटवावं लागतं. ज्याला माणसांशी बोलायचा कंटाळा, त्याने या वाटेला येऊ नये.

पैशाचं आणि व्हिसाचं भराभर सांगते. ग्रॅज्युएट असिस्टंटची (शिकता शिकता टीमला मदत करायची) जागा मिळाली तर फी माफ किंवा कमी होते आणि थोडं मानधन मिळतं. अशा जागा मोठ्या नावाच्या विद्यापीठांपेक्षा छोट्या ठिकाणी जास्त सापडतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. शिक्षणानंतर ओपीटीचे, म्हणजे आपल्या विषयात काम करायच्या परवानगीचे, बारा महिने. विषय डेटा किंवा विज्ञानाच्या मान्य यादीतला असेल तर आणखी २४. मी क्रीडाव्यवस्थापन घेतलं, त्याचा मला पुढे फटका बसला. तुम्ही संख्याशास्त्राकडे बघा. फास्टपिच कोचच्या राष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन दर डिसेंबरला असतं. नोकऱ्यांच्या ओळखी तिथे होतात, तेव्हा पहिल्या वर्षीच जा.

एक गोष्ट मनात खुपते. टायटल नाइनआधी मुलींच्या कॉलेज टीमच्या ९० टक्क्यांहून अधिक कोच बायका होत्या. पैसा आला तसे पुरुष आले, आणि सगळे खेळ धरले तर आज बायका निम्म्याहून कमी आहेत. सॉफ्टबॉलमध्ये चित्र जरा बरं आहे.

आपल्याकडे सॉफ्टबॉल बऱ्याच जणी पाच टक्के क्रीडा आरक्षणाच्या प्रमाणपत्रासाठी खेळतात. त्यात गैर काही नाही, मीही त्याच आशेने सुरू केलं होतं. पण त्यामुळे खेळ बघायची सवय लागत नाही. म्हणून आता मेसेज आला की मी एकच काम देते: जवळपासचा कुठलाही शालेय जिल्हा स्पर्धेचा सामना पूर्ण सात इनिंग बसून, पेन्सिलने, प्रत्येक बॉलसकट लिहून काढ आणि फोटो पाठव. बहुतेकींचं उत्तर येत नाही. गेल्या महिन्यात दोघींचे फोटो आले. एकीचा कागद अगदी स्वच्छ, शाईने परत उतरवलेला. दुसरीचा मातीने माखलेला, आणि पाचव्या इनिंगच्या समासात बारीक अक्षरात लिहिलेलं: "पिचर दमली. बॉल वर राहतोय. सर मोबाइलवर."

तिला मी त्याच रात्री फोन केला.