पाळी आलीच नाही, की वाट अडली आहे? या चुका टाळा

मुलगी पंधराची झाली. उंची वाढली, छाती भरली, काखेत केस आले, पण पाळीचा पत्ता नाही. आई म्हणते, मलाही उशिराच आली होती. आजी म्हणते, येईल गं, अंग भरू दे जरा. मग बारावीचं वर्ष येतं, आणि कधी कधी थेट लग्नाचं बोलणं सुरू झाल्यावरच कुणाला तरी आठवण होते की हिला अजून एकदाही पाळी आलेली नाही.

स्त्रीरोगाच्या ओपीडीत बसणाऱ्या कुणालाही ही गोष्ट तोंडपाठ असते. माझा राग घरच्यांवर कमी आणि आम्हा डॉक्टरांवर जास्त आहे, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक पुष्कळदा आमच्याच टेबलावर होते. गोळी आधी लिहिली जाते, बघणं नंतर होतं.

आधी दोन ओढ्यांची गोष्ट

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग एक होऊन पुढे वळतात. मुलीचं गर्भाशय थोडंफार तसंच घडतं. आईच्या पोटात साधारण सहाव्या आठवड्यापासून डावीकडून एक आणि उजवीकडून एक अशा दोन नळ्या वाढू लागतात. १८३० मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना म्यूलरच्या नळ्या म्हणतात. वरचे सुटे भाग गर्भनलिका होतात. खालचे भाग मध्यावर जुळून गर्भाशय, गर्भाशयाचं तोंड आणि योनिमार्गाचा वरचा भाग तयार होतो. जुळल्यावर मधली भिंत विरून जाते.

दोन्ही नळ्या जुळल्याच नाहीत तर गर्भाशयं दोन. जुळल्या पण भिंत विरली नाही तर गर्भाशयात पडदा. एक नळी वाढली नाही तर अर्धं, एका शिंगाचं गर्भाशय. दोन्ही वाढल्या नाहीत तर गर्भाशय आणि योनिमार्गाचा वरचा भाग तयारच होत नाही. याला एमआरकेएच सिंड्रोम म्हणतात. मायर, रोकिटान्स्की, क्यूस्टर आणि हाउझर या चार डॉक्टरांची ही आद्याक्षरं. सुमारे ४,५०० ते ५,००० मुलींमागे एकीला हे असतं. आणि सगळं नीट घडूनही अगदी खालचं दार उघडायचं राहिलं, तर योनिमुखावरचा पडदा बंदच राहतो.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. अंडाशयं या नळ्यांपासून बनत नाहीत, त्यामुळे बहुतेक वेळा ती उत्तम काम करत असतात. म्हणूनच छाती भरते, चेहरा-बांधा अगदी वयासारखा दिसतो आणि घरात कुणाला शंका येत नाही. दुसरं म्हणजे, मूत्रपिंडं याच नळ्यांच्या शेजारी, त्याच सुमारास घडतात. इकडे गडबड झाली की तिकडेही होऊ शकते.

वाट बघायला मर्यादा असते

१५ वर्षं पूर्ण झाली आणि पाळी नाही, की तपासणी करायची. छाती भरायला लागून ३ वर्षं उलटली तरी पाळी नाही, तरीही करायची. आणि १३ व्या वर्षापर्यंत छातीच वाढायला लागली नसेल तर त्याहून आधी, कारण तिथे प्रश्न हार्मोनचा असू शकतो. या वयाआधी उगाच घाबरायचं कारण नाही. पण पाळी नाही आणि दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात, असं असेल तर वयाचा हिशेब बाजूला ठेवायचा. ती मुलगी बारा वर्षांची असली तरी तिला त्याच आठवड्यात दाखवायचं.

पाळी आणायच्या गोळ्या

मेडिकलमधून पाच-दहा दिवसांच्या गोळ्या आणायच्या, त्या संपल्या की पाळी येते, हे आता घराघरांत माहीत आहे. ज्या बाईची पाळी लांबली आहे तिच्या बाबतीत ते ठीक. जिला एकदाही पाळी आलेली नाही, तिला न तपासता या गोळ्या देणं म्हणजे नळाला पाणी येत नाही म्हणून मोटार जोरात चालवण्यासारखं आहे. पाइप आहे का, तोटी उघडी आहे का, हे आधी बघायला नको?

गर्भाशयच नसेल तर या गोळ्यांनी काहीच होत नाही. मग डोस वाढतो, डॉक्टर बदलतो, एखादं वर्ष जातं. गर्भाशय आहे पण वाट बंद आहे, तर गोळ्यांनी आत आणखी रक्त साठतं आणि कळा वाढतात. गुंतागुंतीच्या अडथळ्यात ऑपरेशनची तयारी होईपर्यंत आम्ही नेमकं उलट करतो: पाळी तात्पुरती थांबवण्याची औषधं देतो.

बघायचं म्हणजे काय? आईला शेजारी उभं करून, मुलीला समजावून, तिच्या संमतीने, बाहेरून फक्त नजरेने पाहायचं. बोट घालायचं नाही, कुठलंही उपकरण नाही. दोन मिनिटांचं काम. योनिमुखाशी निळसर, फुगलेला पडदा दिसला तर निदान तिथेच झालं. या दोन मिनिटांच्या संकोचापायी मुलींनी दोन-दोन वर्षं काढलेली आहेत.

पोटदुखीचा चुकीचा पत्ता

बंद पडद्यामागे दर महिन्याचं रक्त साठत जातं, योनिमार्ग फुग्यासारखा ताणतो आणि मूत्राशयाच्या तोंडावर दाब येतो. म्हणून ही मुलगी कित्येकदा पाळीची तक्रार घेऊन येतच नाही. लघवी अडली म्हणून रात्री अकराला कॅज्युअल्टीत येते. तिथे नळी घालून लघवी काढली जाते, मुलीला बरं वाटतं आणि इन्फेक्शनच्या गोळ्या घेऊन ती घरी जाते. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. कुणाला अपेंडिक्स वाटतं, कुणाला मुतखडा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची लघवी अडली तर पहिला प्रश्न एवढाच असावा: पाळी सुरू झाली आहे का?

निदान झाल्यावर होणारी घाई हीही चूकच. सुई टोचून थोडं रक्त काढून बघू, हे अजिबात करू नये. दाट, काळपट रक्त सुईतून नीट निघत नाही, भोक बुजतं आणि आत पू होण्याचा धोका वाढतो. योग्य इलाज म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, भूल देऊन, पडदा नीट उघडणं. पातळ पडद्याचं ऑपरेशन सोपं असतं. पण अडथळा वर, योनिमार्गातला जाड आडवा पडदा असेल तर तो प्रकार वेगळा. साधा पडदा समजून त्यावर चीर दिली तर जखम आकसून वाट पुन्हा बंद होते, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड जातं. फुगवटा निळसर दिसत नसेल तर आधी एमआरआय, मग सुरी.

काही आईवडील या ऑपरेशनला बिचकतात. पडदा फाटला तर लग्नात प्रश्न येईल, ही भीती. कुणी तर तसं लिहून द्या म्हणतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: इतर मुलींना जन्मतःच जेवढी वाट असते तेवढीच आम्ही हिला करून देतो आहोत. साठलेलं रक्त उलटं वर जाऊन पोटात एंडोमेट्रिओसिस झाला, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर रुजून दुखू लागला, तर त्याचं काय लिहून देऊ?

आता फसवणारा प्रकार. पाळी दर महिन्याला येते आहे, म्हणजे वाट मोकळी आहे, असं आपण धरून चालतो. गर्भाशयं दोन असतील आणि त्यातल्या एकाच बाजूचा योनिमार्ग बंद असेल, तर मोकळ्या बाजूने पाळी येतच राहते आणि बंद बाजूला रक्त साठत राहतं. पाळी वेळेवर, पण दर महिन्याला दुखणं आधीपेक्षा जास्त. सगळे म्हणतात, पाळीत दुखतंच, सोस जरा. या मुलींमध्ये बंद बाजूचं मूत्रपिंड बहुधा नसतं. वेदनाशामक गोळीने भागत नसेल आणि दुखणं एकाच बाजूला वाढत असेल, तर सोनोग्राफीत दोन्ही किडन्या पाहायला सांगा.

रिपोर्टवर आंधळा विश्वास

पोटावरून केलेली सोनोग्राफी ही सुरुवात आहे, निकाल नव्हे. एमआरकेएचमध्ये गर्भाशयाच्या जागी दोन्ही बाजूंना छोट्या, भरीव गाठींसारखे अवशेष असू शकतात. घाईत ते लहान गर्भाशय म्हणून लिहिले जातात. मग घरी सांगितलं जातं की पिशवी लहान आहे, गोळ्यांनी वाढेल. इथून पुढची फरपट फार वाईट, कारण आशा लावून ठेवलेली असते. पिशवी लहान आहे असं ऐकलंत आणि पाळी एकदाही आलेली नाही, तर अनुभवी तज्ज्ञाकडून एमआरआय वाचून घ्या.

त्याच जोडीला गुणसूत्रांची आणि टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी हवी. गर्भाशय नाही, छाती भरलेली आहे, पण काखेत आणि खाली केस जवळजवळ नाहीत, असं असेल तर ते एमआरकेएच नसून अँड्रोजेनला, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी हार्मोनना, शरीर प्रतिसाद देत नसल्याची स्थिती असू शकते. तिथे गुणसूत्रं एक्सवाय, म्हणजे एरवी पुरुषांत असतात तशी असतात आणि पुढची काळजी वेगळी असते. एमआरकेएचमध्ये ती एक्सएक्सच असतात. हे न तपासता घरच्यांना काहीतरी सांगून मोकळं होणं मोठा अन्याय आहे.

एमआरकेएच असलेल्या सुमारे एक तृतीयांश मुलींमध्ये किडनीतही फरक असतो, कधी एकच असते, कधी ती खाली ओटीपोटात असते. काहींच्या मणक्यांत दोष असतो, काहींना ऐकू कमी येतं. अहवालात किडनीबद्दल एक ओळ नसेल तर तो अहवाल अपुरा आहे.

तिच्यापासूनच लपवणं

एमआरकेएचचं निदान झालं की आईवडिलांना बाजूला बोलावून सांगायचं आणि मुलीला म्हणायचं, काही नाही गं, बारीकशी अडचण आहे. हे आपल्याकडे सर्रास चालतं. मुलीला सगळं कळतं. तिला फक्त एवढंच शिकवलं जातं की तिच्या शरीराबद्दल मोठ्याने बोलायचं नसतं. खरं तिला सांगा, तिच्या वयाला झेपेल तेवढं, आणि एकदाच नव्हे. तू मुलगीच आहेस, तुझी अंडाशयं काम करतात, पाळी येणार नाही, मूल पोटात वाढणार नाही. शेवटची दोन वाक्यं गिळून टाकू नका. समुपदेशक मिळाला तर पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

आईलाही काही सांगायचं असतं. ग्रहणात भाजी चिरली म्हणून, गरोदरपणात पपई खाल्ली म्हणून हे होत नाही. बहुतेक मुलींमध्ये नेमकं कारण सापडत नाही, आणि आईने काही वेगळं करून ते टाळता आलं नसतं.

मग येते लग्नाआधी ऑपरेशन उरकून टाकायची घाई. योनिमार्ग तयार करण्यासाठी पहिला उपाय ऑपरेशन नाही, डायलेटर आहे. गुळगुळीत, वाढत्या मापाच्या कांड्या मुलीने स्वतः, रोज ठरावीक वेळ, हलक्या दाबाने वापरायच्या. काही महिने लागतात, पण नीट शिकवलं आणि आधार दिला तर दहातल्या नऊ जणींना शस्त्रक्रिया लागत नाही. अट एकच: तिची स्वतःची तयारी झाली पाहिजे. सोळाव्या वर्षी आईच्या धाकाने केलं तर ते टिकत नाही, आणि मनावर ओरखडा राहतो तो वेगळा. ऑपरेशन केलं तरी नंतर बहुधा डायलेटर चुकत नाहीत, नाहीतर केलेली वाट आकसते. म्हणजे तिची तयारी नसताना तारीख घेणं दोन्हीकडून फसतं.

स्थळाला सांगायचं की नाही, हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. सांगायचं. कधी आणि कसं, ते तिने ठरवायचं, मामांनी नव्हे.

मूल होणारच नाही, हे वाक्य

अंडाशयं काम करत असतील तर स्वतःच्या बीजापासून मूल होण्याची शक्यता राहते. सरोगसीच्या, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या पोटात आपलं मूल वाढवण्याच्या, २०२१ च्या कायद्याखालचे नियम गर्भाशय नसणं हे वैद्यकीय कारण मानतात. पण पैसे देऊन सरोगसीला बंदी आहे, जोडप्यातली पत्नी २३ ते ५० आणि पती २६ ते ५५ वयाचा लागतो, आणि अविवाहित मुलीला ही वाट नाही. ओळखीचा एजंट सगळं करून देतो, असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

गर्भाशय प्रत्यारोपणातून पहिलं बाळ २०१४ मध्ये स्वीडनमध्ये जन्मलं, आणि ती आई एमआरकेएच असलेलीच होती. भारतातलं पहिलं प्रत्यारोपण पुण्यात मे २०१७ मध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने केलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्यातच असं पहिलं बाळ जन्मलं, तेही आजीने आपल्या मुलीला दिलेल्या गर्भाशयातून. बातमी वाचून लगेच धावू नका. मोठी शस्त्रक्रिया, प्रत्यारोपण टिकेपर्यंत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आणि सिझेरियन, हे सगळं त्यात येतं. दत्तक घेणं हा शेवटचा पर्याय म्हणूनच का सांगितलं जातं, हेही मला कळत नाही.

उलटी चूक: दिसलं की कापा

दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयाचा आकार वेगळा दिसला, म्हणून लगेच दुर्बिणीतून पडदा कापायची गरज नसते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत गर्भाशयातला पडदा कापलेल्या स्त्रियांना न कापलेल्यांच्या तुलनेत मूल होण्याच्या प्रमाणात फायदा दिसला नाही. चाचणी छोटी होती, ८० जणींची, म्हणून वाद संपलेला नाही, पण आता कापा म्हणणाऱ्याला कारण विचारायला हरकत नाही. फक्त एक्स-रेत रंग सोडून केलेल्या तपासणीवर तर निर्णय नकोच. त्यात आतली पोकळी दिसते, बाहेरचा आकार दिसत नाही, आणि पडदा की दोन शिंगं, म्हणजे वरच्या बाजूला दुभंगलेलं गर्भाशय, हा फरक बाहेरच्या आकारावरच ठरतो. दोन शिंगांचं गर्भाशय पडदा समजून कापायला गेलं तर त्याला भोक पडू शकतं.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. अर्ध्या गर्भाशयाच्या शेजारी अस्तर असलेलं बंद शिंग असेल आणि गर्भ तिथे रुजला, तर ते शिंग बहुधा मधल्या महिन्यांत फुटतं आणि जीवावर बेततं. ते आधीच काढलेलं बरं.

दोन गर्भाशयं असलेल्या बाईने प्रत्येक नव्या डॉक्टरला ते स्वतःहून सांगावं. एका बाजूला कॉपर टी बसवली आणि दिवस दुसऱ्या बाजूला गेले, गर्भपाताच्या वेळी रिकामी बाजूच साफ झाली, असे प्रकार घडतात. कॅन्सरच्या तपासणीचा नमुनाही दोन्ही तोंडांवरून घ्यावा लागतो.

आणि तुमच्या घरात अशी लहान मुलगी असेल, जिला गर्भात असतानाच्या सोनोग्राफीत एकच किडनी दिसली होती, तर बालरोगतज्ज्ञांच्या फाइलच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा: छाती वाढू लागली की गर्भाशयाची सोनोग्राफी. बारा वर्षांनी ही गोष्ट तोंडी कुणाच्याही लक्षात राहत नाही.