कोण कोणावर परिणाम करतं? वर्तनक्रमाचं विश्लेषण शिकताना

दोन माणसांच्या संवादाचं चित्रीकरण कोड करून झालं, म्हणजे कोण कधी काय करतंय याला ठरावीक नावं देऊन झालं, की बहुतेकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: एकाच्या वागण्याचा दुसऱ्यावर परिणाम होतो का? नव्यानं येणाऱ्यांना मी आधी एवढंच सांगते, की दुसऱ्याकडे वळण्यापूर्वी त्या व्यक्तीचा स्वतःचा मागचा क्षण बघा.

कल्पित आकडे घेऊ. आई आणि बाळ, सेकंदासेकंदाचं कोडिंग, २०० स्थित्यंतरं (एका सेकंदाकडून पुढच्या सेकंदाकडे जाण्याच्या नोंदी). आई हसत होती अशा ५० सेकंदांपैकी ३७ वेळा पुढच्या सेकंदाला बाळ हसत होतं. आई हसत नव्हती अशा १५० पैकी ६३ वेळा. म्हणजे ७४ टक्के विरुद्ध ४२ टक्के. बाळ एकूण निम्मा वेळ हसतंय, त्यामुळे निव्वळ योगायोगानं ३७ ऐवजी २५ अपेक्षित होते. अ‍ॅडजस्टेड रेसिड्युअल (प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्येतला फरक प्रमाणित करून मिळणारा आकडा, म्हणजेच झेड) ३.९ येतो, योगायोग नाकारण्याच्या १.९६ या नेहमीच्या मर्यादेच्या बराच वर. अनेक जण इथंच निष्कर्ष लिहून मोकळे होतात.

आता हीच स्थित्यंतरं बाळाच्या आधीच्या स्थितीनुसार दोन तक्त्यांत वाटा. बाळ आधीपासून हसत असेल तर आई हसताना ४० पैकी ३६, हसत नसताना ६० पैकी ५४. दोन्हीकडे ९० टक्के. बाळ हसत नसेल तर १० पैकी १ आणि ९० पैकी ९. दोन्हीकडे १० टक्के. आईचा परिणाम उरलाच नाही! बाळाचं हसू आपोआप टिकत होतं आणि बाळ हसत असताना आईही जास्त हसत होती, इतकंच. आपण माणसांच्या नात्याबद्दल विधान करत असतो, म्हणून ही पायरी गाळणं मला अजिबात पटत नाही. लॉग-लिनियर मॉडेल किंवा लॉजिस्टिक रिग्रेशन या सांख्यिकी पद्धतींमध्ये व्यक्तीचं स्वतःचं आधीचं वर्तन घातलं की हे काम रीतसर होतं.

जुने लेख वाचताना झेड कोणत्या सूत्रानं काढलाय ते तपासा. पूर्वी वापरात असलेल्या सूत्रातली उणीव अ‍ॅलिसन आणि लायकर यांनी १९८२ मध्ये दाखवून दिली.

सेकंदांऐवजी घटनांचा क्रम नोंदवला असेल आणि तोच कोड लागोपाठ येऊ शकत नसेल, तर कोणत्या कोडनंतर कोणता आला याच्या तक्त्यात कर्णावरचे शून्य रचनेतूनच आलेले असतात. अपेक्षित संख्या हे शून्य लक्षात धरूनच काढायच्या, नाहीतर उरलेले चौकोन उगाच ठळक दिसतात.

कोड करणाऱ्या दोघांमधली सहमती कोहेनच्या कप्पानं (योगायोगानं होणारी सहमती वजा करणाऱ्या मापानं) मोजा. नुसती टक्केवारी पुरत नाही, कारण एखादा कोड फार वारंवार येत असेल तर ती सहज फुगते.

आणि सगळ्या जोड्यांचे आकडे एका तक्त्यात ओतू नका. काही जोड्या मुळातच जास्त हसऱ्या असतात, तेवढ्यानंही खोटा संबंध तयार होतो. प्रत्येक जोडीचा ऑड्स रेशो (दोन परिस्थितींतल्या शक्यतांचं गुणोत्तर) वेगळा काढा, त्याचा लॉग घ्या आणि मगच जोड्यांची तुलना करा. जोड्या पुरेशा असतील तर बहुस्तरीय मॉडेल (जोडीच्या आतले आणि जोड्यांमधले फरक वेगळे धरणारं) वापरा.